शब्दचर्चा : क्राउडफंडिंगला ‘वर्गणी’ म्हणावे का?

मूळ प्रश्न

माझी भाची दशावतारी कलावंतांवर माहितीपट करते आहे. सिंधुदुर्गात जत्रांचे दोन हंगाम फिरून तिने चित्रीकरण केले, तेही स्वतःच्या पगारातून. आता संकलन आणि ध्वनीचे काम पैशांवाचून अडले आहे, म्हणून क्राउडफंडिंग, म्हणजे इंटरनेटवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवणे, करायचे ठरले. इंग्रजी मजकूर तिने लिहिला, मराठी माझ्याकडे आला.

मी सुरुवात केली ‘आम्हाला मदत करा’ अशी. कागद शेजारच्या काकूंना वाचायला दिला. त्यांनी दोन ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि हळूच विचारले, ‘‘कोण आजारी आहे गं?’’ मग मी ‘मदत’ खोडून ‘देणगी’ लिहिले, तर कागद देवस्थानच्या पावतीसारखा दिसू लागला. ‘अर्थसाहाय्य’ म्हटले की सरकारी अर्ज वाटतो. ‘निधी’ म्हटले की आमदार आठवतात. क्राउडफंडिंगला मराठीत रुळलेला शब्द आहे का? असला तर तो कलेच्या कामाला चालेल का?

उत्तर

ताई, काकूंनी अगदी बरोबर वाचले. मराठीत ‘मदत’ अडचणीत सापडलेल्याला करतात. पूरग्रस्तांना मदत, शस्त्रक्रियेला मदत. फोनवर येणारी बहुतेक आवाहने दवाखान्यातूनच आलेली असतात, त्यामुळे तो अर्थ आणखी घट्ट झाला आहे. तुमच्या भाचीवर संकट आलेले नाही. तिने एक काम हाती घेतले आहे आणि ते पुरे करायचे आहे. अशा कामासाठी दहा जणांनी मिळून पैसे घालणे याला आपल्याकडे शब्द आहे : वर्गणी. गावभरातून किंवा जगभरातून जमवली, तर लोकवर्गणी.

मी एका लहान मासिकाची वर्गणीची वही अकरा वर्षे लिहिली, म्हणून या शब्दावर माझा जीव आहे. मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोप लिहायला एक तुकडा असायचा. त्यावर लोक लिहायचे, ‘पुढच्या वर्षाची वर्गणी पाठवत आहे. मागचा अंक फार उशिरा मिळाला, कळावे.’ पैसे आणि तक्रार एकाच चिठोऱ्यावर. देणगी देणारा असे सहसा लिहीत नाही, मदत करणारा तर नाहीच. वर्गणीदार लिहितो, कारण अंक तो आपला समजतो. अशी चिठ्ठी आली की संपादक ती मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि आम्हाला बरे वाटायचे.

या शब्दाचे दोन अर्थ आजही चालू आहेत. सार्वजनिक कामातला आपला वाटा, म्हणजे गणपतीची वर्गणी, सहलीची वर्गणी. आणि नियतकालिकाची किंवा वाचनालयाची ठरावीक मुदतीची वर्गणी. क्राउडफंडिंगमध्येही हे दोन प्रकार दिसतात. किकस्टार्टर या संकेतस्थळावर एका कामासाठी एकदाच पैसे जमवतात. पेट्रिऑनवर चाहता महिन्यामहिन्याला कलावंताला ठरलेली रक्कम देतो. दोन्हींना पुरेल असा एकच शब्द आपल्या हाताशी असताना तो सोडू नये, असे मला वाटते.

शंका

वर्गणी म्हटले की मला दारात उभी असलेली मंडळाची पोरे दिसतात. आकडा तेच सांगणार आणि पावती आधीच फाडलेली. अशा शब्दाने कुणी आपणहून पैसे द्यावेत कसे? त्यापेक्षा ‘समूहनिधी’ किंवा ‘लोकनिधी’ स्वच्छ वाटतो.

उत्तर

तुमचा अनुभव खरा आहे, आणि तो शब्दाला चिकटला आहे हेही खरे. पण दोष कुठे लागतो हे क्रियापदांवरून कळते. ‘पावती फाडणे’ म्हटले की जबरदस्ती आलीच, वाहतूक पोलीसही पावतीच फाडतो. ‘पट्टी बसवणे’ म्हणजे घरटी आकारणी, तिथे नाही म्हणायची सोय नसते. ‘वर्गणी मागणे’ यात मागणारा आणि देणारा वेगवेगळे. ‘वर्गणी काढणे’ मात्र वेगळे आहे. ‘आम्ही मित्रांनी वर्गणी काढून नाटक बसवले’ या वाक्यात मागणारेही तेच आणि देणारेही तेच. ‘लोकवर्गणीतून’ हे रूप तर गावाच्या अभिमानाचे आहे. लोकवर्गणीतून बांधलेली शाळा, लोकवर्गणीतून काढलेला तलावातला गाळ. असे सांगताना कुणी खालच्या आवाजात सांगत नाही.

‘समूहनिधी’ वाईट नाही, पण निधी हे साठलेल्या पैशाचे नाव आहे. तो कोणी, कशासाठी, कसा घातला हे त्यात दिसत नाही. आणि घरात बोलताना ‘मी समूहनिधी दिला’ असे कोण म्हणेल? ‘मीही वर्गणी दिली’ हे सहज तोंडात येते.

जुने उदाहरण पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. एकेकाने एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती कल्पना उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्यांनीही फंड हा इंग्रजी शब्द घेतलाच की, पण पुढे ‘पैसा’ लावला. किती लहान रक्कम चालेल हे नावातच सांगून टाकले. क्राउडफंडिंगला शब्द शोधताना मला हे नाव सारखे आठवते, कारण ते ऐकताच ज्याच्याकडे एकच पैसा आहे त्यालाही आपण त्यात आहोत असे वाटले असणार.

आता सिनेमाकडे येतो. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या पैशातून झाला. प्रत्येकाचे दोन रुपये, म्हणजे दहा लाख. कल्पना अमूलच्या वर्गीस कुरियन यांची. दूध संघाने सभासदांच्या दुधाच्या पैशातून ते दोन रुपये वळते केले. आमच्या भागातला ऊस उत्पादक याला ‘कपात’ म्हणेल, कारण कारखान्याच्या बिलातून अशा कपाती तो वर्षानुवर्षे पाहत आला आहे. मग ती कपात होती की वर्गणी? मी वर्गणी म्हणतो, आणि त्याला कारण आहे चित्रपटाच्या सुरुवातीची पाटी. गुजरातचे पाच लाख शेतकरी हा चित्रपट सादर करत आहेत, असे त्या पाटीवर आहे. कपातीच्या पैशाला असे नाव मिळत नसते. चित्रपट लागला तेव्हा हेच शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला आले. २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली, तेव्हाही ती पाटी तशीच होती.

केरळात मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतले नट नव्हेत) आणि त्यांच्या मित्रांचा ओडेसा हा गट होता. ते गावोगाव जाऊन मोफत सिनेमे दाखवायचे, चॅप्लिनचा ‘द किड’ पडद्यावर लावायचे आणि जमलेल्या लोकांकडून पैसे गोळा करायचे. त्यातून ‘अम्मा अरियान’ (१९८६) झाला. मराठीत याला झोळी घेऊन फिरणे म्हणतात. या शब्दप्रयोगात हीनपणा काही नाही. आधी लोकांना काही दाखवले, मग झोळी पुढे केली. वासुदेवही आधी गातो.

शंका

आमच्या इंग्रजी मजकुरात ‘को-प्रोड्युसर’ आहे. ‘सहनिर्माते व्हा’ असे लिहिले तर लोकांना मानाचे वाटेल ना?

उत्तर

मानाचे वाटेल, पण त्यात फसगत आहे. मराठीत निर्माता म्हणजे ज्याचा पैसा, हक्क आणि नफा-तोटा तो. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. तो निर्मात्याचा धोका होता. पैसेवाल्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी चित्रपटाआधी वाटाण्याचे रोप वाढताना टिपून एक छोटी फिल्म करून दाखवली होती. मोहिमेच्या पानावर आज जो दोन मिनिटांचा व्हिडिओ लावतात, त्याचे हे पूर्वरूपच. पण त्यांनी घेतले ते कर्ज होते, वर्गणी नव्हे.

पाचशे रुपये देणाऱ्याला तुम्ही ‘सहनिर्माता’ म्हटलेत, तर उद्या तो विचारेल की नफ्यात माझा वाटा किती. ‘गुंतवणूक’ हा शब्द तर अजिबात नको. अनोळखी लोकांना ऑनलाइन वाटा विकून भांडवल उभे करायला सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, मान्यता दिलेली नाही, आणि २०१६ मध्ये अशा मंचांबद्दल तिने जाहीर सावधगिरीचा इशाराही दिला. ‘देणगी’ लिहिलेत तर दुसराच प्रश्न येईल : प्राप्तिकरात सवलत मिळेल का? ती त्यासाठी नोंदणी झालेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, एकट्या दिग्दर्शिकेला दिलेल्या पैशावर नाही.

कन्नडमध्ये पवन कुमार यांनी ‘लुसिया’ (२०१३) प्रेक्षकांच्या पैशावर केला आणि त्याला ‘ऑडियन्स फिल्म्स’ असे नाव लावले. ते मला पटते. तिथे देणाऱ्याला निर्मात्याची टोपी चढवलेली नाही, प्रेक्षक हेच पद मोठे केले आहे.

जुन्या मराठी पुस्तकांत आरंभी आश्रयदात्यांची यादी असायची. ‘आश्रयदाते’ हा शब्द सुंदर आहे, पण त्यात देणारा उंचावर बसतो. पेट्रिऑनचे नाव त्याच अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. माझे मत ‘वर्गणीदार’लाच. हिशेब विचारायचा हक्क त्यात आपोआप येतो.

शंका

आणि जे लोक पैसे देऊन डीव्हीडी, पोस्टर, पुस्तक मिळण्याची वाट पाहतात, त्यांचे काय? ते तर सरळ ग्राहक झाले.

उत्तर

हो, आणि त्यालाही शब्द तयार आहे : प्रकाशनपूर्व नोंदणी. मराठी प्रकाशक कितीतरी वर्षे हेच करत आले आहेत. मोठा ग्रंथ काढायचा तर आधी सवलतीच्या किमतीत नोंदणी घ्यायची, त्या पैशांतून कागद आणायचा. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भाग विकले आणि वर ग्राहकही नोंदवले. भागधारक कोण आणि ग्राहक कोण, हे शब्द तेव्हा नीट वेगळे ठेवलेले होते. तुमच्या पानावर जिथे वस्तू मिळणार आहे तिथे ‘नोंदणी’ लिहा, जिथे नुसता सहभाग आहे तिथे ‘वर्गणी’.

पैसे देणाऱ्याला मिळणाऱ्या अशा वस्तूला इंग्रजीत ‘रिवॉर्ड’ म्हणतात, त्याचे भाषांतर बक्षीस करू नका. बक्षीस जिंकणाऱ्याला देतात, नाहीतर वरच्याने खालच्याला. साधे ‘भेट’ पुरे.

किकस्टार्टरसारख्या ठिकाणी ठरलेली रक्कम पुरी जमली तरच पैसे कापतात. त्याला नवा शब्द घडवू नका, वाक्यच लिहा : ‘ठरलेली रक्कम जमली नाही तर तुमच्याकडून काहीही घेतले जाणार नाही.’ वाचणाऱ्याला तेच हवे असते.

आणखी एक

आवाहनात ‘आपला खारीचा वाटा उचला’ असे लिहू का? छान वाटते.

उत्तर

नका लिहू. ‘माझा आपला खारीचा वाटा’ हे देणाऱ्याने स्वतःबद्दल म्हणायचे असते. मागणाऱ्याने ते म्हटले की समोरच्याचे दोनशे रुपये आपण खारीएवढे ठरवून मोकळे होतो. ते दोनशे त्याला जड असतील, आपल्याला काय ठाऊक? ‘फूल ना फुलाची पाकळी’चेही तसेच. त्याने म्हटले तर आपण म्हणावे, ‘‘असे काय म्हणता, खूप झाले.’’

‘स्वतंत्र चित्रपट’ लिहितानाही सांभाळा. मराठी वाचक ‘स्वतंत्र नाटक’ म्हणजे अनुवादित किंवा रूपांतरित नसलेले नाटक, असे समजतो. ‘स्वतंत्र माहितीपट’ वाचून त्याला वाटेल की बाकीचे कुठूनतरी उचललेले असतात. ‘कोणत्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय केलेला’ असे सरळ लिहा. लांब आहे, पण चुकणार नाही.

आणि पोच. पैसे आल्यावर पोच द्यायची, तीही माणसाच्या नावाने. न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा चौथरा अडला होता तेव्हा १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झरने आपल्या वर्तमानपत्रातून लोकांकडे पैसे मागितले. एक लाख डॉलरहून अधिक जमले, बरेचसे एकेक डॉलर किंवा त्याहून कमी देणाऱ्यांचे, आणि देणाऱ्यांची नावे त्याने पेपरात छापली. आपला वासुदेव तर हातावर दाणे पडताच ‘दान पावलं’ म्हणतो, आणि पंढरपुरात विठोबाला पावलं, जेजुरीत खंडोबाला पावलं, असे एकेक देवाचे नाव घेत सांगतो. कुठे पोचले ते सांगतो. तुमच्या भाचीनेही तेच करावे : ‘तुमची वर्गणी मिळाली, तीतून ध्वनिमुद्रणाचा पहिला दिवस पार पडला.’

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मजकूर पुन्हा लिहिला. आता पहिल्या ओळी अशा आहेत :

‘दशावतारी कलावंतांवरचा हा माहितीपट लोकवर्गणीतून पुरा करायचा आहे. चित्रीकरण झाले आहे, संकलन आणि ध्वनी बाकी आहे. कोणत्या कामाला किती लागणार ते खाली दिले आहे. किती वर्गणी द्यायची ते तुम्ही ठरवा. दर महिन्याच्या पाच तारखेला हिशेब याच ठिकाणी मिळेल.’

काल संध्याकाळी काकूंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, खालचा तक्ताही बोट फिरवत वाचला आणि म्हणाल्या, ‘‘ध्वनीला इतके लागतात?’’ मी भाचीला फोन लावून दिला. दोघी वीस मिनिटे बोलत होत्या.