बेळगावच्या फार्म.डी.वाल्यानं परदेशी रुग्णालयात शिकवायला जावं का?

अनगोळची मास्तरीण
आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर परवा वाद पेटला, म्हणून इथं मांडते. आमच्यातल्या एका मुलाला इथिओपियातल्या सरकारी विद्यापीठाच्या रुग्णालयात क्लिनिकल फार्मसी (वॉर्डात पेशंटजवळ राहून औषधं आणि डोस पारखायचं काम) शिकवायची नोकरी चालून आलीय. निम्म्यांचं म्हणणं, "इथं पेशंट कमी पडले काय?" मी तिथं शिकवून आलेय. माझं मत सरळ आहे : त्यानं जावं.

आपल्याकडे फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी ही पदवी, २००८ साली सुरू झाली. सहा वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष पूर्ण इंटर्नशिपचं. एवढं करून पोरगं जातं कुठं? बेंगळुरू-हैदराबादला मेडिकल कोडिंगला (आजार-उपचारांना बिलासाठी कोड लावायला), नाहीतर कॉम्प्युटरवर औषधांच्या दुष्परिणामांचे रिपोर्ट भरत बसतं. वॉर्डात असेपर्यंत राउंडच्या शेपटाला उभं राहायचं आणि केसशीट उतरवून घ्यायची. विचारतंय कोण?

मी होते तिथं मेडिसिनच्या राउंडला फार्मसीची पोरं कन्सल्टंटच्या, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या, शेजारी उभी असत. वातज्वरानं (र्‍हुमॅटिक फीवरनं) हृदयाची झडप खराब झालेले तरुण पेशंट तिकडे खूप, त्यातले बरेच वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या गोळीवर. त्यातल्या एका बाईला टीबी निघाला. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं की वॉरफरिनचा असर उतरतो, डोस वाढवावा लागतो, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं. डोस वाढवायचं ठरलं. तेवढ्यात चौथ्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, "सहा महिन्यांनी टीबीची गोळी बंद होईल, तेव्हा हा वाढवलेला डोस उतरवणार कोण?" राउंड थांबला. कारण खरा धोका तिथंच आहे. रिफाम्पिसिन थांबलं की काही आठवड्यांत वॉरफरिन पुन्हा चढतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. तोवर पेशंट घरी गेलेला असतो. त्या मुलीनंच डिस्चार्ज कार्डावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) कधी-कधी तपासायचा ते लिहिलं आणि कन्सल्टंटनी खाली सही केली.

शिकवणं म्हणजे हे. पोरीचं बोलणं उपचारात उतरलं. इथं किती वॉर्डांत असं होतं, सांगा.

निपाणीचा केमिस्ट
ताई, गोष्ट झकास आहे. पण त्या बाईला समजावून कोणी सांगितलं? तुम्ही? तिची भाषा तुम्हाला येत होती काय?

माझा मावसभाऊ त्याच देशात शिकवायला होता. तिकडे घड्याळ दिवस उजाडल्यापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. हा नवा-नवा असताना चिठ्ठीवर "८ वाजता" लिहायचा. पेशंट त्याच्या हिशेबानं आठला घेणार, म्हणजे आपल्या दुपारी दोनला! त्यात तिकडच्या ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास वर्षातून कितीतरी दिवस, दुपारपर्यंत पोटात काही नाही. इन्सुलिनवाल्यानं काय करायचं? हे ज्याला जन्मापासून ठाऊक आहे त्यानं शिकवावं. आपण बाहेरून जाऊन पुस्तकच शिकवणार.

आणि इथलं सांगतो. आमच्या भागात तंबाखू, विडी घराघरांत. दम्याचा म्हातारा वर्षानुवर्षं थिओफायलिन हे दम्याचं औषध खातोय आणि विडी ओढतोय. विडीच्या धुरानं ते औषध शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून डोस त्याला पचतो. मग मुलगा रागावतो, विडी सुटते. त्यातच कुणीतरी ताप-खोकल्याला सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक देतं, तेही थिओफायलिनला शरीरातून लवकर निघू देत नाही. आता थिओफायलिन साठत जाणार. उलट्या, धडधड, झोप नाही. घरचे म्हणतात, विडी सोडल्यामुळं झालं, ओढू दे बाबा! हा म्हातारा माझ्या काउंटरवर येतो, वॉर्डात नाही. त्याच्याशी बोलायला मला एक फार्म.डी. पोरगं आणून द्या की.

अनगोळची मास्तरीण
@निपाणी, भाषा येत नव्हती, मान्य. म्हणून तर पेशंटशी बोलायचं काम पोरांचं असे आणि मी ऐकायची. त्यांनी विचारलेलं मला इंग्रजीत सांगायचं, मी परत प्रश्न काढायची : उपास धरला आहे का विचारलंस? गोळी कुठल्या घड्याळानं सांगितलीस? मास्तर गप्प बसला की पोरं बोलतात. मीच भाषा येणारी असते तर सगळं मीच बोलून टाकलं असतं (आमच्या मास्तर जातीला ही खोड आहेच).

आणि आपल्या बेळगावच्या वॉर्डांत शिकणारी पोरं तरी कुठली? केरळची, आंध्रची. खानापूर तालुक्यातली म्हातारी मराठीत बोलते, शेजारच्या खाटेवरचा बैलहोंगलचा माणूस कन्नडमध्ये, आणि हातात कार्ड इंग्रजी. भाषेची अडचण काय विमानानं गेल्यावरच येते होय?

शहापूर ओपीडी
मी डॉक्टर आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. राउंडला फार्मासिस्ट असावा, याबद्दल वाद नाही. मूत्रपिंड अधू असलेल्या पेशंटचा डोस कुणी आधीच काढून ठेवला तर मला हवाच आहे. प्रश्न जबाबदारीचा आहे. सल्ला त्याचा, सही माझी, आणि नातेवाईक कॉलर धरणार तीही माझी. ब्रिटनमध्ये २००६ पासून वेगळं प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतो, पण त्याचा जाबही तोच देतो. परदेशात दोन वर्षं शिकवून आलेला मुलगा इथं आला म्हणून ही घडी बदलत नाही. पद नाही, पगार नाही, तर तो तिथंच राहील किंवा पुढं आखातात जाईल. ताईंनी परत आल्यावर काय केलं, हे विचारलं तर चालेल?

अनगोळची मास्तरीण
चालेल की. वर्गात शिकवते. वॉर्डात पोरांना घेऊन जाते, पण राउंड संपल्यावर, दुपारी. तुम्ही म्हणता ते पदाचं खरं आहे. पण डॉक्टर, पद आधी निर्माण होईल आणि मग माणसं तयार होतील, असं कुठंच झालेलं नाही. उद्या तुमच्याच वॉर्डात जागा निघाली, तर बेधडक बोलू शकणारी मुलगी तुम्ही आणणार कुठून?

फायनल इयर, टिळकवाडी
मी आत्ता इंटर्नशिपला आहे. सगळे मोठे बोलताहेत, पण आमच्यातल्या ज्यांना मराठी-कन्नड दोन्ही येतं त्यांना वॉर्डात सगळे दुभाष्या म्हणून ओढतात. काल दिवसभर तेच केलं. एका काकांना इन्हेलर दिलेला, तोंडासमोर अत्तरासारखा फवारत होते. तीनदा करून घेतलं, तेव्हा श्वास आणि दाब जुळले. ते कुणाच्या फाईलमध्ये लिहायचं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. केसशीटमध्ये त्याला रकानाच नाही. तिकडे असतो का, मॅडम?

अनगोळची मास्तरीण
असतो. फार्मसीचा वेगळा कागद फाईलला लावलेला असे, आणि भरला नाही तर सिस्टर ओरडत.

निपाणीचा केमिस्ट
मग तो कागद आणा ना इकडे! त्याला व्हिसा लागत नाही. शहापूरवाले डॉक्टर, तुमच्या वॉर्डात लावून घेता काय? एका खाटेपुरता लावा, बघू तर दे. पोराच्या नोकरीचं म्हणाल तर माझं अजून तेच : आधी एक वर्ष निपाणीत काउंटरवर उभा राहू दे, मग खुशाल जाऊ दे.

शहापूर ओपीडी
कागदाचा नमुना पाठवा. युनिट हेडना विचारतो, हो म्हणतील असं आत्ता सांगत नाही.