मदत हवी आहे: पेशव्यांच्या नोकरीतला अमेरिकन, जॉन पार्कर बॉइड

मंडळी, एका माणसाने डोक्यात घर केलंय. जॉन पार्कर बॉइड, जन्म १७६४, मॅसॅच्युसेट्समधलं न्यूबरीपोर्ट. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथलं सैन्य एवढंसं उरलं होतं, त्यात बढती कुठली मिळणार? गडी सरळ हिंदुस्थानात आला. निजामाकडे राहिला, होळकरांकडे राहिला, पेशव्यांकडेही. आपली पलटण बाळगायची आणि जो पगार देईल त्याची चाकरी करायची, हा तेव्हाचा रोकडा धंदा.

पुढचं सगळं सापडतं. १८०८ मध्ये अमेरिकेच्या चौथ्या पायदळ रेजिमेंटचा कर्नल, १८११ ला विल्यम हेन्री हॅरिसनच्या (हा पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला) हाताखाली तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्ध टिपेकनूची लढाई, मग ब्रिगेडियर जनरल. ११ नोव्हेंबर १८१३ ला मात्र कॅनडात क्रायस्लर्स फार्मला संख्येने कमी असलेल्या इंग्रजांनी त्याला चोपलं. १८१५ ला सैन्यातून मोकळा, १८३० ला बॉस्टनमध्ये वारला.

माझं घोडं अडलंय ते पुण्यात. त्याच्या इथल्या चाकरीचा मराठी कागद कुणाच्या पाहण्यात आहे का? पगाराची याद, पलटणीचा हिशेब, बातमीपत्रातली एखादी ओळ, काहीही चालेल. पेशवे दफ्तरात (पेशव्यांच्या कारभाराचे जुने कागद) शोधायचं तर कुठल्या रुमालांपासून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपासून, सुरुवात करू? आणि मोडीत हे नाव कसं लिहिलं असेल: बाइड, बोईट, की आणखी काही? आपल्या कारकुनांनी साहेबांच्या नावांचं काय काय केलंय ते तुम्हाला माहीतच आहे! मोडी मला अडखळत वाचता येते, त्यामुळे नुसता रुमाल क्रमांक सांगितलात तरी पुरे.