मराठी दैनंदिन मालिकेवर अभ्यासपूर्ण लिहायचं तर सुरुवात कुठून करावी?

शेवंती:
माध्यम अभ्यासाच्या पेपरसाठी रात्री आठच्या एका मराठी मालिकेवर ३,००० शब्द लिहायचे आहेत. 'मालिका प्रतिगामी असतात, पाणी घालून वाढवतात' याच्या पुढे जायचं आहे. किती भाग बघावेत, काय टिपावं? टीआरपीचा मुद्दा कसा आणावा?

टाचण:
सोमवार ते शनिवार, एकाच आठवड्याचे सलग सहा भाग पुरतात. महाएपिसोड (जास्त लांबीचे खास भाग) आणि महासंगम (दोन मालिका एकत्र आणणारे भाग) वगळा, त्यांची बांधणीच वेगळी असते. भाग अ‍ॅपवर बघू नका, टीव्हीवर जाहिरातींसकट बघा. माध्यमांचे ब्रिटिश अभ्यासक रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये 'प्रवाह' ही कल्पना मांडली: मालिका, प्रोमो, जाहिरात हे सगळं मिळून प्रेक्षकाचा अनुभव घडतो. अ‍ॅपवर नेमकं तेच हातून सुटतं.

वहीत रकाने आखा: वेळ, दृश्य, कोण बोलतं, नवीन काय कळलं. शेवटच्या रकान्यात बऱ्याचदा काहीच येणार नाही. ते रिकामेपण नोंदवा, तुमचा निबंध तिथेच आहे. रिकॅप (मागच्या भागाची उजळणी), शीर्षकगीत, प्रीकॅप (पुढच्या भागाची झलक) यांचे सेकंद वेगळे मोजा. अर्ध्या तासात कथेच्या वाट्याला साधारण २०-२२ मिनिटं येतात.

ब्रेकच्या आधीचा क्षण तर पुन्हा पुन्हा बघा. कुणीतरी म्हणतं, 'हे लग्न होणार नाही', आणि कॅमेरा सासू, दीर, नवरा अशा एकेका चेहऱ्यावर झेपावतो. ब्रेकनंतर तेच वाक्य परत. त्याला पाणी घालणं म्हणून मोकळं होऊ नका. मधेच चॅनेल बदलून आलेल्याला कथेत ओढून घेणं हे त्या पुनरावृत्तीचं काम आहे.

अनवट:
टीआरपी म्हणजे 'किती जणांना आवडलं' नव्हे. इथेच बहुतेक निबंध घसरतात. २०१५ पासून बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारा संकेत मिसळलेला असतो, निवडक घरांतला मीटर तो ओळखतो, आणि कोण बघतंय हे घरच्यांनी रिमोटचं आपापलं बटण दाबून सांगायचं असतं.

हिशोब सरासरी मिनिटाचा. ३० मिनिटांचा कार्यक्रम एकीने पूर्ण पाहिला, दुसऱ्याने १० मिनिटं, तर ४० भागिले ३०, म्हणजे १.३३ प्रेक्षक. लवकर उठून गेलेला माणूस आकडा खाली ओढतो, म्हणून प्रीकॅप अगदी शेवटी. आकडे दर गुरुवारी येतात, त्यामुळे एखादा ट्रॅक (उपकथानक) चालला नाही तर लगेच गुंडाळता येतो. जाहिरातींसाठी केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ बघा: तासाला कमाल १२ मिनिटं, त्यात वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची २.

नदीकाठ:
टाचण यांच्या वहीत आवाजाचा रकाना नाही, तो घालाच. त्या वेळी कितीतरी घरांत पोळ्या चाललेल्या असतात आणि मालिका ऐकली जाते. एक दृश्य पडद्याकडे पाठ करून ऐका. पात्रं एकमेकांना नावाने किंवा नात्याने किती वेळा हाक मारतात? 'अगं वहिनी, तू इथे स्वयंपाकघरात?' यात कोण, कोणाशी, कुठे हे सगळं आलं. आणि तो धाडकन येणारा पार्श्वसंगीताचा ठोका ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला 'आता बघ' म्हणून सांगतो.

'प्रतिगामी' हा निष्कर्षही प्रेक्षकांना विचारल्याशिवाय काढू नका. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये अर्थ लावण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या: मांडलेलं जसंच्या तसं स्वीकारणं, थोडं घेणं थोडं सोडणं, आणि उलट वाचणं. सोशिक सून बघून एकच बाई हळहळते आणि तिच्यावर चिडतेही.

शेवंती:
मुलाखती सहा जणींच्या घेतल्या तर चालतील? प्रश्न कसे विचारू?

नदीकाठ:
सहा चालतील, फक्त 'महाराष्ट्रातल्या स्त्रियांना असं वाटतं' असं लिहू नका. सगळ्या एकाच वयाच्या नकोत. 'आवडते का?' विचारलंत की 'टाइमपास म्हणून बघते' एवढंच हाती लागतं. ब्रेकच्या जागी दृश्य थांबवा आणि विचारा, 'आता ही काय करेल? तिने काय करायला हवं?' या दोन उत्तरांत जे अंतर पडेल, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.