अ‍ॅबसिंथ : साखर पेटवू नका

अ‍ॅबसिंथ म्हणजे बडीशेपेच्या सुगंधाचं कडक, हिरवट मद्य. शुगर क्यूब अ‍ॅबसिंथमध्ये भिजवून पेटवायची कृती काही जण सांगतात, ती कृपया टाळा. ही टूम १९९० च्या दशकात चेक बारमधून पसरली. जुन्या फ्रेंच-स्विस पद्धतीत आग नाहीच. जळक्या साखरेने बडीशेपेचा सुगंध मरतो, आणि ६०-७० टक्के अल्कोहोल ग्लासात भडकलं तर हात भाजेल ते वेगळंच.

ग्लासात ३० मिली घ्या, वर जाळीदार चमचा, त्यावर क्यूब, आणि बर्फगार पाणी अक्षरशः थेंब थेंब सोडा. हिरवट रंग हळूहळू दुधाळ होत जातो. बडीशेपेतलं अ‍ॅनेथोल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून हा ढग. फार सुरेख दिसतं, घाई करू नका! अ‍ॅबसिंथच्या तिप्पट पाणी झालं की चव घ्या, पाचपटीपर्यंत चालतं. साखर ऐच्छिक, पाणी मात्र हवंच.

कॉकटेलमध्ये हात आखडताच ठेवा. साझरॅक या व्हिस्कीच्या कॉकटेलसाठी ग्लास आतून नुसता ओला करून उरलेलं ओतून टाकतात. जिन आणि लिंबाच्या कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर २ मध्येही दोन-चार थेंब पुरतात. जास्त झालं तर लिंबू आणि जिन दोन्ही गायब.