परत आलेला रुपया माझा नाही, तरी पैसे द्यायचे?

तोळाभर_चांदी:
गेल्या महिन्यात १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया ऑनलाइन विकला. मुंबई टांकसाळीचा, साडेचार हजारांना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेचा उतरला आणि लोकांना तो डुक्कर वाटला. मोठी ओरड झाली, सरकारने नाणी परत मागवून वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणून १९११ ला भाव.

नवव्या दिवशी निरोप आला, "नाणं खोटं वाटतंय, परत घ्या." घेतलं. होल्डर, म्हणजे नाणं ठेवून स्टेपल केलेली पुठ्ठ्याची चौकट, माझा, त्यावर पेनाने लिहिलेला नंबर माझा. आत रुपया १९११ चाच आणि तळाच्या कमळाखाली मुंबई टांकसाळीची खूण असलेला ठिपकाही आहे. पण माझ्या रुपयाला राजाच्या मानेमागे कडेवर छोटा टवका होता, जाहिरातीच्या फोटोत तो स्वच्छ दिसतो. परत आलेल्या रुपयाची कड सलग आहे. माझ्या वहीत वजन ११.६२ ग्रॅम, हा भरतो ११.४१. मुकुटाची नक्षीही बरीच झिजलेली आहे.

मी पैसे अडवले. ज्याला पैसे हवेत त्याने माझंच नाणं परत करावं, एवढंच माझं म्हणणं आहे. ग्राहक ग्रुपवर मला लबाड म्हणतोय. तुमचं मत सांगा.

जुना_बाजार_रविवार:
ताई, पैसे देऊ नका. होल्डरचे स्टेपल काढून नाणं बदलायला दोन मिनिटं लागतात. असे लोक चांगलं नाणं ठेवून घेतात आणि स्वतःकडचं झिजकं तुमच्या गळ्यात मारतात. एकदा दिलेत की तोच माणूस पुढच्या विक्रेत्याकडे जाईल.

दमडी_ते_मोहर:
मी वीस वर्षं नाणी घेतोय, विकत नाही, म्हणून दुसरी बाजू सांगतो. मागे एका विक्रेत्याकडून १९३९ चा रुपया घेतला. फोटो अस्सल नाण्याचे, घरी आलं ते ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेलं नकली. पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची छिद्रं, अक्षरांच्या कडा गोलसर. परत करायला गेलो तर म्हणाला, "फोटोतलं नाणं बघा, हे तुम्हीच बदललंत." ताई, तुमचं वाक्य तेच आहे. फोटोत टवका आहे म्हणून टवक्याचंच नाणं पाकिटात गेलं, हे कशावरून?

तोळाभर_चांदी:
दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण मला त्या माणसाच्या पंगतीत बसवू नका. मी वजन लिहून ठेवते, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढते.

दमडी_ते_मोहर:
लिहून ठेवणारा हात तुमचाच ना? पाकीट भरतानाचा व्हिडिओ आहे?

तोळाभर_चांदी:
या खेपेला नाही. घरात लग्न होतं, घाईत पाठवलं.

दमडी_ते_मोहर:
मग माझ्या मते पैसे द्यावेत. शंकेचा फायदा घेणाऱ्याला मिळाला पाहिजे, कारण तो न बघता पैसे मोजतो आणि तुम्ही नाणं हातात धरून भाव लावता.

सराफकट्टा:
थांबा जरा. आधी धातू बघा. माझ्या दुकानात हे रोजचं काम आहे. या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, चांदी बाराला अकरा भाग. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढं दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. साधारण १०.३ आलं तर चांदी बरोबर. साडेआठच्या आसपास आलं तर पितळेवर मुलामा. मात्र काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा हवा.

आणि वजनावरून कुणाला चोर ठरवू नका. वापरलेला रुपया झिजून ११.४ भरतोच.

तोळाभर_चांदी:
आत्ताच करून पाहिलं. कोरडं ११.४१, पाण्यात काट्याने १.११ दाखवलं. भागाकार साधारण १०.३, म्हणजे चांदी आहे. खोटं नाही, पण माझंही नाही.

जुना_बाजार_रविवार:
बघा! "खोटं आहे" हीच तक्रार उडाली. अस्सल चांदीचं नाणं परत करताना खोटं कशाला म्हणायचं?

दमडी_ते_मोहर:
त्याला कळलं नसेल. नवखे लोक चिंच-मीठ लावून घासतात, काळसरपणा गेला की पांढरं दिसतं आणि घाबरतात. घासल्यानं नक्षीही मऊ दिसते. ताई, त्यावर बारीक समांतर चरे आहेत का?

तोळाभर_चांदी:
नाहीत. जुना काळसर थर तसाच आहे. आणि दादा, घासून टवका भरून येत नाही.

दमडी_ते_मोहर:
हे मान्य. टवक्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण व्हिडिओ नसताना संपूर्ण रक्कम अडवणं मला अजूनही पटत नाही.

सराफकट्टा:
एक मार्ग सुचवतो. ग्राहकाला विचारा, पाकीट उघडल्यावर पहिल्या दिवशी काढलेला फोटो आहे का. खोटं वाटलं तर माणूस आधी चार जणांना फोटो पाठवतो. त्या फोटोत कड दिसेल.

तोळाभर_चांदी:
विचारलं. त्याने तिसऱ्या दिवसाचा एक फोटो पाठवलाय, कुठल्याशा ग्रुपवर टाकलेला. नाणं तळहातावर, जरा तिरकं. मोठं करून पाहिलं. मानेमागे टवका आहे. मी तो फोटो आणि माझा फोटो शेजारी ठेवून त्याला परत पाठवला. दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही. परत आलेला रुपया वेगळ्या पाकिटात ठेवलाय. माझा त्याने पाठवला की त्याला हा परत मिळेल, आणि पैसेही.