परवडत नसताना टिकून राहण्याविषयी : लहान शेतकरी आणि पशुपालकांचे अनुभव

थोडी जमीन, थोडी जनावरे आणि राबायला मुख्यतः घरचीच माणसे, अशी ज्यांची शेती आहे किंवा होती, त्यांनी या धाग्यात लिहावे अशी विनंती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात ६० कोटींहून अधिक शेतकरी कुटुंबे आणि शेती उद्योग आहेत; त्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांची शेती २ हेक्टरांहून लहान आहे आणि एकूण शेतजमिनीपैकी जेमतेम १२ टक्के जमीन कसून ही मंडळी जगातले साधारण एक तृतीयांश अन्न पिकवतात. इतक्या मोठ्या समूहाविषयी बोलताना बहुधा दोनच सूर लागतात, एक कीव करण्याचा आणि दुसरा डोक्यावर घेण्याचा, आणि हे दोन्ही सूर बांधाबाहेरच्या माणसांचे असतात. म्हणून लिहिताना हिशेब लपवू नये, आणि मातीच्या ओढीविषयी लिहायचे असेल, तर ती ओढ नेमकी कोणत्या कामात जाणवते, हेही सांगावे.

चार-पाच गाईंचा गोठा सांभाळणारा

‘हे सगळे सोडून का देत नाही?’ असे मला नातेवाइकांपासून पशुवैद्यकांपर्यंत सर्वांनी विचारून झाले आहे. सोडून देण्याजोगा एखादा दिवस वर्षात येत असेल, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. गोठ्यात तसा दिवस येत नाही. गाय साधारण नऊ महिने नऊ दिवस गाभण राहते, विण्याच्या सुमारे दोन महिने आधी दूध काढणे थांबवून तिला आटवावी लागते, व्याल्यानंतर ती पुन्हा माजावर येण्याकडे डोळे लावून बसावे लागते आणि जन्मलेली कालवड स्वतः दुधात यायला दोन ते तीन वर्षे जातात. त्यामुळे कोणत्याही सकाळी पाहिले तरी दावणीला एक गाय दुधात असते, एक आटलेली असते, एक नुकती फळवलेली, म्हणजे रेतन केलेली असते आणि एक कालवड अशी असते, की जिच्यावर खर्च झालेला आहे पण जिच्याकडून अजून काहीच मिळालेले नाही. आज विकायचे ठरवले, तर यांतली निम्मी जनावरे अशा अवस्थेत जातील, की त्यांच्यावर केलेल्या कष्टांचा लाभ घेणारा दुसराच असेल. आम्ही टिकून आहोत त्याचे अर्धे कारण हे आहे, आणि त्यात उदात्त असे काही नाही.

उरलेले अर्धे कारण व्याण्याच्या वेळी कळते. शेपटीच्या मुळाजवळचा भाग खचतो, कास तटतटते, गाय एकसारखी ऊठबस करू लागते. वासरू बाहेर आले की त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसायचा, नाळ आयोडिनमध्ये बुडवायची आणि पहिल्या काही तासांतच त्याला चीक पाजायचा, कारण रोगांशी लढण्याची ताकद वासराला गर्भात मिळत नाही, ती चिकातून मिळते आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता साधारण २४ तासांत संपत येते. मग वार, म्हणजे गर्भाभोवतीचे वेष्टन, पडण्याची वाट पाहत थांबायचे. तोवर वासरू लटपटत उभे राहून सडांचा शोध घेऊ लागलेले असते. वेळेवर केलेल्या कामाचे फळ करणाऱ्याच्या समोर लगेच उभे राहते, असे मी पूर्वी केलेल्या एकाही नोकरीत घडले नव्हते.

भाडेपट्ट्याने भाजीपाला करणारी जोडी

आमची स्वतःची जमीन नाही, तेव्हा वडिलोपार्जित वारशाची भावना आमच्या बाबतीत लागूच होत नाही. आम्हाला आमचे काम आमच्या मनाप्रमाणे करायचे होते, एवढाच हेतू होता. वरचा साहेब गेला हे खरे. मात्र त्याच्या जागी हवामान, किडी आणि बाजारभाव असे तीन साहेब आले, आणि त्यांतल्या एकाशीही घासाघीस करता येत नाही. ठरलेल्या कुटुंबांना आठवड्याला थेट भाजी पोचवायला लागल्यापासून बाजारभावाचा जाच बराच कमी झाला आहे. तरीही पट्टा किती वर्षे चालेल याची खात्री नसल्यामुळे जमिनीत सेंद्रिय खत किती घालावे, या प्रश्नावर आमचे दोघांचे आजही एकमत होत नाही. आज घातलेल्या कंपोस्टाचा गुण पुढची काही वर्षे येत राहतो, आणि तोवर ते रान आमच्याकडे असेलच असे नाही. जमीन जपावी, असा उपदेश भाड्याने कसणाऱ्यांना करणाऱ्यांनी या गणिताकडे कधीतरी पाहावे.

सातबारा ज्यांच्या नावावर नाही त्यांच्यापैकी एक

दूध मी काढते, शेणगोठा मी करते, खुरपणी मी करते, बियाणे मी राखते, आणि कर्जाचा अर्ज करायची वेळ आली की मालकीचा कागद दाखवा म्हणतात, जो माझ्या नावावर नाही. आमच्या घरात यावरून भांडण नाही, परंतु भांडण नसणे आणि हक्क असणे यांत फरक आहे. ग्रामीण भागात राबणाऱ्यांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१८ मध्ये जो जाहीरनामा स्वीकारला, त्यात जमिनीवरील स्त्रियांच्या समान हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. तो जाहीरनामा बंधनकारक नाही, पण गटाच्या बैठकीत त्याचे नाव घेतले, की समोरचा माणूस निदान वाक्य पुरे होईपर्यंत थांबतो.

मी का टिकून आहे, याचे माझे उत्तर बियाण्यात आहे. पीक उभे असतानाच मी रानाच्या मध्यावरची, रोग न लागलेली, ताण पडूनही दाणे भरलेली झाडे हेरते आणि त्यांना खुणेची चिंधी बांधते. कडेची झाडे घेत नाही, कारण त्यांना ऊन आणि जागा जास्त मिळालेली असते. त्यांचा जोम त्यांचा स्वतःचा आहे की जागेचा, हे सांगता येत नाही. काढणीला ती झाडे वेगळी ठेवायची, दाणे दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवायचे, घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवायचे आणि पेरणीआधी ओल्या फडक्यात मोजके दाणे गुंडाळून उगवण तपासायची. पुढच्या हंगामात त्या रानात काय उगवणार, हे मी ठरवलेले असते आणि त्यात कुणाची सही लागत नाही. कोंबड्यांच्या अंड्यांचे पैसेही थेट माझ्याच हातात येतात. रक्कम लहान असली, तरी ती खर्च करताना विचारावे लागत नाही, आणि ज्यांना कधीच विचारावे लागलेले नाही त्यांना या गोष्टीचे मोल सहसा समजत नाही.

अर्थशास्त्र शिकून शेतीत आलेला

वरचे अनुभव वाचताना रशियन कृषी-अर्थशास्त्रज्ञ अलेक्सांद्र चायानोव्ह यांची आठवण झाली. भांडवली उद्योगाचे गणित शेतकरी कुटुंबाला जसेच्या तसे लावता येत नाही, असे त्यांनी १९२० च्या दशकात मांडले. कुटुंब स्वतःच्या श्रमांची मजुरी लावत नाही. घराची गरज किती उरली आणि आणखी राबण्याचा शीण किती, यांचा मेळ जिथे बसतो तिथे ते थांबते. माझ्या वहीत हे दरवर्षी दिसते. घरच्या माणसांची मजुरी धरली की तोटा, न धरली की शिल्लक. यांपैकी कोणता आकडा खरा, असे विचारले जाते. माझ्या मते दोन्ही खरे आहेत. फक्त पहिला उद्योजकाचा आहे आणि दुसरा घराचा.

भारतातल्या शेती-व्यवस्थापन पाहण्यांच्या आधारे अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये दाखवले होते, की धारण क्षेत्र जसे लहान, तसे दर एकरी उत्पादन अधिक असण्याकडे कल असतो. ‘लहान ते सुंदर’ म्हणणारे हा मुद्दा फार आवडीने सांगतात. मात्र त्यामागचे एक मोठे कारण असे, की लहान शेतात घरची माणसे प्रत्येक गुंठ्यावर जास्त राबतात, कारण त्यांच्या श्रमांना दुसरीकडे मागणी नसते किंवा मिळणारी मजुरी फार कमी असते. एकरी उत्पादन जास्त आणि माणशी मिळकत कमी, या दोन गोष्टी एकाच शेतात सुखाने नांदतात. गाई सांभाळणाऱ्या मित्रांनी सांगितलेले समाधान मला मान्य आहे, पण त्या समाधानाच्या भरवशावर दुधाचा भाव पाडला जातो, हेही कुणीतरी म्हटले पाहिजे. माझे घर माझ्या पत्नीच्या पगारावर चालते. तो पगार नसता तर माझी तत्त्वे कितपत टिकली असती, याविषयी मी पैज लावणार नाही.

(धागाकर्ती : घरातल्या कुणाच्या तरी पगारावर शेती उभी आहे, असे सांगणारे बरेच जण असतील. त्यांनी संकोच करू नये. तसेच ज्यांनी हे काम सोडले, त्यांचे अनुभवही तितकेच हवे आहेत.)

कळप विकलेला मेंढपाळ

सोडण्याचा दिवस येत नाही, असे पहिल्या अनुभवात लिहिले आहे. माझ्या बाबतीत तो आला आणि तो गुडघ्यांनी आणला. मेंढरांमागे चालणे हाच आमचा व्यवसाय, चालणे थांबले की सगळेच थांबते. त्याआधीची काही वर्षे चराईची राने एकेक करून कुंपणात जात होती. जिथून कळप जात असे तिथे वाट उरली नव्हती, त्यामुळे तेवढ्याच गवतासाठी लांबचा वळसा पडू लागला होता. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गायराने आणि पशुपालक यांच्या नावे जाहीर केले आहे. चांगली गोष्ट आहे, पण आम्हाला आधी वाट हवी होती.

कळप विकताना मी घाई केली नाही. मेंढी सुमारे पाच महिने गाभण असते, तेव्हा सगळ्या विऊन कोकरे चरायला लागेपर्यंत थांबलो. म्हाताऱ्या मेंढ्यांचे दात पाहून त्या वेगळ्या केल्या, कारण समोरचे दात पडलेली मेंढी आखूड गवत नीट खुडू शकत नाही आणि घेणाऱ्याला ते सांगितले नाही तर फसवणूक होते. कळप पुढे नेणारीच मेंढी मात्र मी त्या तरुण पशुपालकाला आग्रहाने दिली, भाव न ठरवता दिली. तिच्यावाचून बाकीच्या त्याच्या हाकेला वळल्या नसत्या.

आता मी पगारी राखणदार आहे. सुट्टी मिळते, आजारी पडल्यास झोपता येते, पावसाची चिंता करावी लागत नाही. लोकांना माझ्याकडून हळहळ ऐकायची असते. ती मी ऐकवत नाही, कारण पाठ टेकण्याचे सुख मला ठाऊक आहे. फक्त एक गोष्ट गेली आहे. पूर्वी आभाळ पाहून कळप कुठे न्यायचा हे मी ठरवत असे, आणि चुकले तरी ते माझे चुकत असे. आता आभाळाकडे पाहून काहीच ठरवायचे नसते.

गवतावर प्रयोग करणारा

कार्यालयातली नोकरी सोडून मी जनावरांकडे आलो तो कुतूहलापोटी. फ्रान्सचे शेतकरी आणि संशोधक आंद्रे व्हॉइसिन यांनी १९५० च्या दशकात चराऊ गवताविषयी जे सांगितले, त्याचा गाभा असा, की एका जागी जनावरे किती आहेत यापेक्षा ती तिथे किती वेळ आहेत हे महत्त्वाचे आहे. चरल्यानंतर नुकती फुटलेली पालवी पुन्हा खाल्ली गेली, तर गवत मुळांजवळचा साठा वापरून खंगत जाते. पुरेशी विश्रांती मिळाली तर तीच मुळे पुन्हा भरतात. म्हणून मी रानाचे तुकडे पाडून जनावरे फिरवतो आणि गवत गुडघ्यावर बसून पाहतो : पाने किती फुटली, शेण किती दिवसांत किड्यांनी फोडले, उघडी जमीन कुठे झाकली गेली. हंगामानुसार विश्रांतीचा काळ बदलावा लागतो, त्यामुळे कुणाचे तयार वेळापत्रक उपयोगी पडत नाही. या पद्धतीने वाळवंटे हिरवी होतील, असे छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. त्यांच्यापासून मी चार हात लांब राहतो. माझ्या रानात ओल थोडी जास्त टिकते, एवढेच मी म्हणेन.

पशुपालकाची मुलगी, सध्या बाहेर नोकरीला

पुढची पिढी येत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. संयुक्त राष्ट्रांचे २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचे दशक चालू आहे आणि त्याच्या कृती आराखड्यात तरुणांना शेतीत आणण्यावर भर आहे. तरुणांना कष्ट नकोत, असा याचा अर्थ लावला जातो. मला कष्टांची धास्ती नाही. सुट्टीवर आले की पहाटेची धार मीच काढते. अडचण अशी, की वरच्या जवळजवळ सर्व अनुभवांत माणसे ज्या गोष्टीसाठी टिकून आहेत, ती गोष्ट म्हणजे स्वतः ठरवण्याची मोकळीक, घरातल्या पुढच्या पिढीला सर्वांत शेवटी मिळते. तोवर ती पिढी घरची बिनपगारी मजूर असते, आणि अर्थशास्त्र शिकलेल्या दादांच्या वहीत तिची मजुरी धरलेली नसते.

म्हणून मी वडिलांपुढे एक मागणी ठेवली आहे. निम्मी जनावरे माझ्या नावावर करावीत. कोणती कालवड राखायची, कोणती विकायची, कोणत्या वळूचे रेतन करायचे हे मी ठरवीन. त्यांच्या दुधाचे पैसे माझ्या खात्यात येतील आणि त्यांच्या खुराकाचा खर्चही त्याच खात्यातून जाईल. उरलेल्या निम्म्या जनावरांत मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे राबेन. वडिलांनी नाही म्हटलेले नाही. कालवडीपर्यंत त्यांची तयारी आहे, दुधाच्या खात्यावर बोलणे अडले आहे.