मदत हवी आहे : वासराच्या पायाला एकच खूर, आणि दोन कांड्यांवर एकाच वळूचा नंबर

नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यात आमचा ११ गायींचा गोठा आहे, सगळ्या होल्स्टिन संकरित. मागच्या महिन्यात एक गाय दुसऱ्या वेताला व्याली. अडली नाही, वार वेळेवर पडली, कालवड झाली म्हणून घरात आनंद. ती उभी राहिली तेव्हा आईच्या लक्षात आलं की पुढच्या उजव्या पायाच्या खुराला फटच नाही. घोड्याचा असतो तसा एकसंध खूर. बाकीचे तीन पाय नीट आहेत. चीक चांगला प्याली, पण तो पाय जपून टाकते आणि उन्हं चढली की धापा टाकते.

गाभणपणात काही कमी पडलं असेल, खनिज मिश्रण चालू करा, असं इथं सांगण्यात आलं. मी तेवढ्यावर गप्प बसलो असतो. पण मग चुलत्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे दिवाळीत असंच वासरू झालं होतं. तिसऱ्या दिवशी मेलं, त्यांनी कोणाला न सांगता पुरलं.

माझ्या वडिलांची एक सवय आहे. गाय भरवली, म्हणजे कृत्रिम रेतन केलं, की रिकामी कांडी (वळूचं रेत ज्यात येतं ती बारीक नळी) टाकू देत नाहीत. चिठ्ठीत गुंडाळतात, वर गायीचं नाव आणि तारीख लिहितात आणि मंजनाच्या जुन्या डब्यात ठेवतात. परवा तो डबा उपडा केला. या गायीच्या आईला सप्टेंबर २०१९ मध्ये भरवलं, त्यातून ही गाय झाली. हिला मे २०२४ मध्ये भरवलं. दोन्ही कांड्यांवर वळूचा नंबर एकच. बापाचं रेत लेकीला गेलं, आणि डबा घरात असून आम्ही कधी उघडून पाहिला नाही, याचं फार वाईट वाटतं.

हा दोष रक्तातूनच आला हे पक्कं कसं करायचं? कळवायचं कोणाला? रेतन करणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बोभाटा करू नका, तुमच्याच कालवडींना गिऱ्हाईक येणार नाही." त्याचं पोट त्यावर आहे, मला समजतं. पण या वळूच्या कांड्या आमच्या पंचक्रोशीत किती गोठ्यांत गेल्या असतील? आणि या गायीचं काय करू? १४ लिटर दूध देते, विकायला मन होत नाही. न सांगता विकणं तर जमणारच नाही.

प्रतिसाद १

दादा, मी पशुवैद्य आहे, सातारा भागात असतो. वर्णनावरून ही सिंडॅक्टिली दिसते, म्हणजे पायाची दोन बोटं जुळून खूर एकसंध होण्याचा जन्मजात दोष. होल्स्टिनमध्ये हा दोष फार पूर्वीपासून माहीत आहे आणि बहुतेक वेळा तो पुढच्या उजव्या पायातच दिसतो. धाप लागणंही जुळतं. अशा वासरांना उष्णता सोसत नाही, तिला सावलीत ठेवा, दुपारी अंगावर पाणी मारा. खनिज मिश्रण द्याच, पण त्यानं हा खूर दुभंगणार नाही.

दोषाचं जनुक अप्रभावी आहे. एकाच बाजूनं आलं तर जनावर धडधाकट राहतं, फक्त वाहक होतं. दोन्ही बाजूंनी आलं तरच दोष दिसतो. म्हणजे चाचणीत कालवडीचं नक्की झालं तर वळू आणि गाय दोघंही वाहक. तीच जोडी पुन्हा लावली तर दर वेताला चारात एक धोका. वाहक वळू लेकींवर गेला की निम्म्या लेकी वाहक असतात, म्हणून सरासरी आठात एक. वाहक नसलेल्या गायींवर तोच वळू शेकडो वासरं देईल आणि एकालाही काही दिसणार नाही. म्हणून हे वर्षानुवर्षं दडून राहतं.

आधी पायाचा एक्स-रे काढा, बोटांची हाडं जुळलेली दिसतील. मग मायलेकींचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यायला लावा. शिवाय शेपटीच्या गोंड्याचे पंचवीस-तीस केस मुळांसकट उपटून कागदी पाकिटात कोरडे ठेवा. कापलेले केस चालत नाहीत. जनुकाचं नाव एलआरपी४. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा आणंदची एनडीडीबीची (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची) प्रयोगशाळा, दोन्हीकडे आधी फोन करून ही चाचणी कुठे होईल ते विचारा.

तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रत रेत केंद्राला पाठवा. वळूचा नंबर, कांडीवरची तारीख, कानातल्या बिल्ल्यांचे १२ आकडी नंबर आणि पायाचे फोटो जोडा. भांडणाचा सूर नको. केंद्रावर वळूंची बीएलएडी, सिट्रुलिनेमिया अशा ठरावीक आनुवंशिक आजारांसाठी तपासणी होते, पण जे तपासलंच नाही ते गोठ्यातून कोणी कळवलं तरच त्यांना समजणार.

गाय ठेवा. दुधाला काही बाधा नाही. वेगळ्या वंशाच्या, या जनुकाची चाचणी झालेल्या वळूनं भरवा. तरी तिच्या निम्म्या कालवडी वाहक निघतील, त्या विकताना सांगून विका.

प्रतिसाद २

मी नेब्रास्कात मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या फार्मवर काम करतो. इथे अँगस जातीत २००८ मध्ये अशीच वेळ आली. वासरं मेलेली जन्मायची, कणा पिळलेला, पाय आखडलेले. अशी वासरं अकाबाने विषाणूनंही होतात, म्हणून ती शक्यता आधी तपासावी लागते. नेब्रास्का विद्यापीठाचे डेव्हिड स्टेफन आणि इलिनॉय विद्यापीठाचे जोनाथन बीव्हर यांनी वंशावळी मागे नेल्या तेव्हा धागे जीएआर प्रिसिजन १६८० या अतिशय लोकप्रिय वळूपाशी पोचले. थोड्याच महिन्यांत चाचणी निघाली आणि अँगस संघटनेनं वाहक वळूंची नावं जाहीर केली. अनेकांचं मोठं नुकसान झालं. पण शोध लागला तो गुराख्यांनी मेलेली वासरं पुरण्याऐवजी तपासायला दिली म्हणून. तुम्ही अर्ज द्याच.

धागाकर्ता

डॉक्टरसाहेब, नेब्रास्काचे दादा, मनापासून आभार. सोमवारी अर्ज दिला, पोच मिळाली. एक्स-रेत हाडं जुळलेलीच आहेत. नमुन्यांसाठी चुलतेही तयार झाले. त्यांच्या गायीच्या बिल्ल्यावरून रेतनाची नोंद काढली, वळू तोच निघाला. त्या गायीचा बाप मात्र कुठेच लिहिलेला नाही.

वळूचा नंबर अहवाल येईपर्यंत इथे उघड लिहीत नाही, ते योग्य होणार नाही. पण संगमनेर, अकोले, राहाता भागात कोणाकडे एकसंध खुराचं वासरू झालं असेल, जिवंत असो वा मेलेलं, तर कृपया मला खासगी निरोप करा. पायाचा फोटो आणि बिल्ल्याचा नंबर हवा. कांडी जपली नसेल तर गाय भरवल्याची तारीख आणि कोणाकडून भरवली एवढं तरी सांगा.